शिसं निवेपर्यंतची ओळ

१२ ऑगस्ट १९९७, यिशुन

सकाळी शेजारचे टान आले. हातात बिस्किटांचा रिकामा डबा, आत शिशाचे तुकडे. मोटारीच्या चाकांना तोल साधायला लावतात, ते. पूर्वी बस चालवायचे. डेपोतले जुने दोस्त अजून काहीबाही देतात. आता रोज बांधावर जाऊन समुद्राच्या बाजूला गळ टाकून बसतात. गळाचं वजन दगडांत अडकतं, तुटतं, पुन्हा नवं. मला विचारलं, "टीचर, यू नो हाऊ टु मेल्ट?"

शिसं वितळवता येतं का, असं मला कुणी विचारावं! आजऱ्याच्या शाळेत जन्मभर पोरांना वृत्तं शिकवली, एवढंच इथे लोकांना ठाऊक.

म्हटलं, "कॅन."

या गावातला हा शब्द मला फार आवडतो. पुढे नाही, मागे नाही. नुसती तयारी.

१३ ऑगस्ट

मेधा (सूनबाई) ऑफिसला, नात इरा शाळेत, मुलगा सतीश जहाजावर, महिन्याभरानं येईल. घरात मी आणि पंखा.

ट्रंक ओढली. तळाशी धोतराचं फडकं, त्यात साचा. दोन वर्षांत उघडला नव्हता. तेलाचा वास अजून तसाच. तो वास आला आणि मी थेट दाजींच्या छापखान्यामागच्या पडवीत जाऊन बसलो. परत यायला बराच वेळ लागला.

अडकित्त्यासारखाच दिसतो. दोन मुठी, पुढे दोन लोखंडी ठोकळे. मिटले की आत गोळीएवढी पोकळी. वर फिरती पट्टी, तिला भोक, त्यातून शिसं ओतायचं. कोल्हापूरच्या एका फिटरनं दाजींना करून दिलेला.

गोळीचं नाक चपटं. दाजींची रायफल लिव्हरवाली. खालचा खटका पुढे-मागे केला की नवं काडतूस वर येतं. बाकीची काडतुसं नळीखालच्या नळीत, आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक. मागच्याचं नाक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. नाक टोकदार असलं तर धक्क्यानं आतल्या आत बार व्हायचा. म्हणून चपटं. दाजी म्हणायचे, "आपली गोळी नकटी हाय मास्तर, पन गुणाची हाय."

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. अक्का गेली. दाजी आहेत, आजऱ्याला, डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन. मी इकडे यायला निघालो तेव्हा एस.टी.च्या खिडकीतून त्यांनी हे फडकं मांडीवर ठेवलं. म्हणाले, "रायफल माझ्यापाशी, साचा तुझ्यापाशी. एकाबिगर दुसरं मुकं. आता यावंच लागंल तुला."

डिसेंबरात जायचं ठरतंय. सतीश तिकीट काढतो म्हणालाय.

१९ ऑगस्ट

आज ओतलं!

टानची गॅसची छोटी शेगडी, त्यांची जुनी लोखंडी कढई (यात पुन्हा कधी काही शिजवायचं नाही, असं तीनदा बजावलं), माझी पळी. स्वयंपाकघराच्या खिडक्या सताड उघड्या. शिसं आधी हट्टी. मग एका कडेनं घाम फुटतो, आणि बघता बघता आरसा. वर मेणाचा तुकडा टाकला, ढवळलं, मळी वर आली, काढली. खाली जे उरलं ते... त्याला पाणी म्हणवत नाही. चांदणं म्हणावं तर गरम.

साच्याच्या पोकळीला मेणबत्तीची काजळी धरली. टान म्हणाले, "व्हाय डर्टी?" म्हटलं, लेकरू सुटून यायला हवं ना आईपासून.

पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्या, म्हाताऱ्यासारख्या. साचा थंड असतो तोवर असंच. त्या परत कढईत. मग एक आली, गुळगुळीत, कड धारदार. टान टाळ्या वाजवत म्हणाले, "वाह, लाइक सिल्व्हर!"

ओतून झालं की थांबायचं किती? घड्याळ नव्हतं आमच्या पडवीत. दाजींना धीर नाही, पट्टी लवकर ठोकायचे, गोळीचं बूड फाटायचं. तेव्हा मी ही युक्ती काढली. ओतलं की भुजंगप्रयाताचा एक चरण, शाळेत पोरांकडून म्हणवून घ्यायचो त्या संथ चालीत:

यमाता यमाता यमाता यमाता.

शेवटच्या 'ता'वर ठोकायचं. पट्टी सरकते, साचा उघडतो, गोळी गादीवर. साचा फार तापला की शिसं निवायला वेळ घेतं. मग भुजंगप्रयात पुरत नाही, मंदाक्रांता घ्यावी लागते. दाजींना मंदाक्रांता कधी जमली नाही. भुजंगप्रयातातही दोन 'यमाता' झाले की ते अडखळायचे, तिसरा चौथा खाऊन ठोकून मोकळे. "तुझी ओळ लांब हाय, मास्तर. जनावर पळून जाईल."

आज टान म्हणत होते, "यामाता, यामाता," मान डोलवत. चार बरोब्बर. चिनी माणसाचा कान फार चांगला.

२० ऑगस्ट

काल लिहायचं राहिलं, ते आज लिहितो. दाजींच्या छापखान्यातले झिजलेले खिळे आम्ही वितळवायचो. खिळ्यांचं शिसं कडक, त्याची गोळी चांगली. पत्रिका, हँडबिलं, शाळेच्या प्रश्नपत्रिका छापून थकलेली अक्षरं. कढईत पडली की लगेच जात नाहीत. एकदा एक 'ळ' किती तरी वेळ तरंगत राहिला होता. आडवा पडून, डोळे मिटल्यासारखा. मग नव्हता.

डोंगरातून बार ऐकू आला की मला वाटायचं, अमुक एक अक्षर गेलं.

२७ ऑगस्ट

टानबरोबर बांधावर. गोळ्यांना त्यांनी ड्रिलनं आरपार भोकं पाडून आणली, दोरी ओवायला. चपट्या नाकाची वजनं तळाशी छान बसतात म्हणे. एका बाजूला समुद्र, पलीकडे धूसर मलेशिया. दुसऱ्या बाजूला गोडं पाणी. मधल्या रस्त्याच्या कठड्याशी आम्ही दोघे.

मासा एक. हाताच्या पंज्याएवढा. टाननी त्याच्याशी काही तरी बोलून तो सोडून दिला.

काय बोललात? तर म्हणाले, "आय से, कम बॅक बिगर."

माझी एक चूक होतेय. चांगल्या निघालेल्या गोळ्यांना भोक पाडायला मन होत नाही. त्या बाजूला ठेवतो. वर्तमानपत्रावर, स्वयंपाकघराच्या खिडकीत, ओळीनं. काल हातांनी आपोआप त्यांच्या खाचांत मेण आणि तूपही भरलं. ते रायफलीच्या नळीसाठी असतं. गळाला काय करायचंय मेण! हात ऐकत नाहीत. त्यांना वाटतं आपण पडवीतच आहोत.

८ सप्टेंबर

धूर. सुमात्रातली जंगलं जळतायत म्हणे, वारा इकडचा. समोरचा ब्लॉक दुधात बुडवल्यासारखा. बाकी सगळे खोकतात, वैतागतात. मी गॅलरीत उभा राहून...

हाच वास. फाल्गुनातले वणवे. पहाटे दाजी मला उठवायचे, चहा न घेता निघायचं, ओढ्याच्या अंगाला. ते बंदूक घेऊन पुढे, मी मागे, खांद्यावर नुसती शाल. जन्मात मी एकदाही चाप ओढला नाही. गोळ्या माझ्या, नेम त्यांचा. मी जायचो ते उजाडताना रान कसं बोलतं ते ऐकायला. शिकारीला बंदी आली तशी ती पहाटेची रपेट थांबली. नंतर रायफल फक्त पिकाच्या राखणीला, परवान्यावर. रताळी उकरणाऱ्या डुकरांसाठी. त्यातही बहुतेक वेळा दाजी हवेतच बार काढायचे. विलायती काडतुसं तर कधीचीच मिळेनाशी झालेली. रिकामी पितळी नळकांडी जपायची, बुडाची टिकली बदलायची, दारू भरायची, वर आमची नकटी बसवायची. दारूला मला हात लावू द्यायचे नाहीत. "तुझं ध्यान कवितेत असतंय. दोघंबी उडू."

दम लागतोय थोडा. धुरामुळे असेल.

१७ सप्टेंबर

वाईट दिवस.

स्वयंपाकघरातला नळ गळत होता म्हणून मेधा लवकर घरी आली, नळवाल्याला घेऊन. तो तरुण पोरगा सिंकखाली वाकला, उठला, आणि त्याची नजर खिडकीकडे गेली. वर्तमानपत्रावर माझी पलटण, मेण लावून, कवायतीला उभी.

"अंकल, धिस वन बुलेट आह?"

मेधाचा चेहरा मी पाहिला. असा कधी पाहिला नव्हता.

देव पाठवतो तसे टान दारात उभे. "फिशिंग लाह! माय वन!" म्हणत आत आले, गोळी उचलून त्याला भोक दाखवायला गेले. त्या गोळीला भोक नव्हतं. त्यांनी ती शांतपणे खिशात घातली आणि त्याच खिशातून भोक पाडलेली दुसरी काढली. जन्मभर बस चालवलेला माणूस. सगळ्यांना आपापल्या स्टॉपला उतरवलं. पोरगा हसला, नळ बसवून गेला.

मेधा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं. स्टुलावर बसली.

"हे मासेमारीचं आहे ना, अण्णा?"

"हो."

"मग गोळीसारखं का दिसतंय?"

"साचा गोळीचा आहे म्हणून."

मग म्हणाली, "आमचा पी.आर.चा, इथे कायम राहायचा, अर्ज आत पडलाय. त्या पोरानं कुठे फोन केला, दारात कुणी आलं, तर मी काय सांगू? सासरे वृत्त म्हणत होते?"

इरा दप्तरासकट दारात उभी. म्हणाली, "आजोबा, यू सो गँगस्टर लाह." कुणी हसलं नाही. बिचारी आत गेली.

१९ सप्टेंबर

सतीश आला. बोट धक्क्याला लागली ती सकाळी, संध्याकाळपर्यंत घरी. चेहरा उतरलेला, मेधानं फोनवर आधीच सांगितलेलं.

जेवण झाल्यावर साचा हातात घेऊन बसला. बिजागरी उघडली, मिटली. बोटीवरचा सेकंड इंजिनिअर. लोखंड हातात आलं की तो आधी लोखंडाकडे बघतो, मग माणसाकडे.

"अण्णा, इथे एका काडतुसालाही तुरुंग आहे. मोठा तुरुंग."

"हे काडतूस कुठे आहे? दारू नाही, टिकली नाही. शिसं आहे नुसतं."

"ते तुम्ही आजऱ्याच्या फौजदाराला पटवा. इथे पटवायला लागू नये, एवढंच मला हवंय." मग जरा मऊ होऊन, "गोळ्या उद्याच वितळवा. आणि मी पुन्हा निघायच्या आत हा घराबाहेर. टान अंकलबरोबर बांधावर जाता ना, तिथून टाका."

मी म्हटलं, "हा दाजींचा आहे."

तो म्हणाला, "माहीत आहे." आणि साचा माझ्या मांडीवर ठेवला. अगदी दाजींनी ठेवला होता तसा.

त्याचं चूक नाही. मेधाचं तर नाहीच.

२१ सप्टेंबर

सगळ्या वितळवल्या. एकूण एक. टान पळीनं शिसं ढवळत होते, मी बघत होतो. शेवटची जाताना नाक वर करून होती.

टाननी मायलोच्या डब्यात कोरडी वाळू भरली, बोटानं खळगे केले, त्यात ओतलं. थेंबासारखी वजनं निघाली, ओबडधोबड. गळाला उत्तम. त्यांना दुसऱ्या कशाचीच गरज नव्हती म्हणजे. साचा माझ्या हौसेचा.

ओतताना त्यांनी आपणहून ओळ म्हटली. मी नाही म्हटली.

२४ सप्टेंबर

धूर इतका की सूर्य संत्र्यासारखा, डोळे उघडे ठेवून बघता येतो. इरा तोंडाला कापडी मास्क लावून शाळेत. जिना चढताना मध्ये थांबावं लागलं. मेधानं पाहिलं. पॉलिक्लिनिकला नेणार म्हणते.

टानचा एक तोडगा. चुलतभावाचं हौगांगला वर्कशॉप आहे, लेथ आहे. साच्याची आतली पोकळी कोरून रुंद करायची, नासपतीच्या आकाराची. मग तो गळाच्या वजनाचाच साचा. कुणाच्या बापाची हरकत नाही. "सेम-सेम, टीचर. स्टिल युवर्स."

पाण्यात टाकण्यापेक्षा बरं की नाही? लोखंड राहील, मुठी राहतील, वास राहील. फक्त आतली रिकामी जागा बदलेल.

पण साच्यात रिकाम्या जागेशिवाय असतं काय?

बघू, म्हटलं.

२८ सप्टेंबर

दाजींना फोन लावला. मेधानंच नंबर फिरवून दिला. "बोला सावकाश, बिलाचं बघू नका."

सगळं सांगितलं. नळवाला, सतीश, बांध, लेथ. हसायला लागले, खोकला येईपर्यंत.

"मास्तर, परदेशात जाऊन मासं मारायला लागलास व्हय! बामनाच्या पोरा!"

"मारले नाहीत हो. सोडून देतात ते."

"मग तर लईच झालं."

मग म्हणाले, "टाक की. लोखंडच हाय. रायफल तरी कुठं चालतीया? मला आता माशी दिसंना, डुक्कर कुठलं दिसतंय. नुसती पुसून ठेवतो."

"टाकू म्हणता?"

"टाक. पन मग तुला हिकडं यायला निमित्त कुठलं ऱ्हायलं, ते तेवढं सांग."

मी काही तरी बोलणार होतो. लाइन गेली. पुन्हा लावली तर व्यग्र. ते मला लावत असतील, मी त्यांना. दोघेही व्यग्र.

२ ऑक्टोबर

आज हे सुचलं, आंघोळीच्या वेळी. अडकित्त्याची खीळ काढली की दोन पाती. एका पात्यानं सुपारी कातरत नाही.

सतीशला हाक मारली. "हा सोडता येतो का रे?"

त्यानं पाना आणला. जुनी खीळ, गंजलेली. त्यानं तेल सोडलं, वाट पाहिली, हलक्या हातानं ठोकली. निघाली. वरची पट्टी सुटली, मुठी सुटल्या. टेबलावर दोन ठोकळे. एकाच्या अंगावर दोन बारीक खुंट्या, दुसऱ्याला त्या बसायला दोन छिद्रं. मधे उभी कापल्यासारखी अर्धी गोळी. नसलेली.

सतीशनं दोन्ही एकमेकांना लावून पाहिले, उजेडाकडे धरले. फट नाही. "कोणी केलंय हे? अण्णा, काय काम आहे!" तो शाळेत असताना मी त्याला 'शाब्बास' म्हणायचो, तसा त्याचा आवाज झाला.

मेधा कणीक मळत होती. तिथूनच विचारलं, "अर्ध्यात ओतता येतं?"

"नाही," सतीश म्हणाला, "सांडेल."

"म्हणजे अर्धं काहीच नाही?"

"लोखंडाचा तुकडा. कागदावर ठेवायला."

"मग राहू दे एक," ती म्हणाली. "दुसरा तू घेऊन जा. घरात दोन्ही नकोत."

माझ्या मनातलं ती बोलली.

सतीशची बोट महिनाअखेरीस न्हावाशेवाला लागणार. खुंट्यांचा अर्धा तो नेईल, तिथून एस.टी. पार्सलनं आजऱ्याला. छिद्रांचा इथे. मुठी, पट्टी, खीळ टानच्या डब्यात. त्यांना सांगितलं लेथ नको. म्हणाले, "ओके, ओके. हाफ-हाफ. व्हेरी फेअर."

११ ऑक्टोबर, दसरा

आज लिहिण्यासारखं खूप, थोडंच लिहितो.

आजऱ्याला या दिवशी रायफल पाटावर, शेजारी साचा, हळदकुंकू. दाजी रायफलीला, मी साच्याला. इथे पूजा कसली, असं मी धरून चाललो होतो. सकाळी पाहतो तर मेधानं पाट मांडलेला. इराची कंपासपेटी, कॉम्प्युटरचा कीबोर्ड, सतीशचा पाना, आणि मधे माझा अर्धा ठोकळा. तिनं स्वतः त्याला कुंकू लावलं. ते त्या अर्ध्या पोकळीत उतरलं. मी बघितलंय, हे तिला कळू दिलं नाही. तरी तिला कळलं असेल.

आपट्याची पानं कुठली आणायची? इरा म्हणाली, "डाउनस्टेअर्स गॉट," आणि व्हॉइड डेकच्या, म्हणजे ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेच्या, कडेच्या झाडाची घेऊन आली. जांभळ्या फुलांचं झाड. पण पान तेच, मधे दुमडलेलं, दोन पाकळ्यांचं. इतके दिवस त्याखालून जातोय, मान वर केली नाही.

टानना एक नेऊन दिलं. सोनं म्हणून सांगितलं. त्यांनी पाकिटात नोटांशेजारी ठेवलं, वाकून आभार मानले, आणि दुपारी एक आख्खी पपई आणून दिली.

धूर जरा कमी. लांबचा ब्लॉक दिसला.

१६ ऑक्टोबर

सतीश गेला. बॅगेत, कपड्यांत गुंडाळून, अर्धा.

जाताना वाकून नमस्कार केला. म्हणाला, "डिसेंबरचं तिकीट बघतो मी, अण्णा. आधी डॉक्टर काय म्हणतात ते कळू दे."

२३ ऑक्टोबर

पॉलिक्लिनिक. डॉक्टरीण इराची ताई शोभेल एवढी. छातीला तारा लावल्या, कागद सरकत राहिला, त्यावर डोंगर. मी म्हटलं, लघु गुरु गुरु दिसतंय. ती हसली, समजलं नसावं. मग हसू थांबवून कागद पुन्हा पाहिला.

"फ्लाइंग, नॉट येट, अंकल." मोठ्या हॉस्पिटलात आणखी तपासणी. मग सांगतील. डिसेंबर की कधी, की...

येताना एम.आर.टी.च्या गाडीत मेधा माझा हात धरून बसली होती. गर्दी नव्हती तरी.

३० ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

पणत्या कॉरिडॉरमध्ये. टाननी वाऱ्याला आडवा त्यांचा बिस्किटांचा डबा लावला.

दुपारी पडल्या पडल्या दिसलं: कढई, तिच्यात सगळी अक्षरं शांतपणे तरंगतायत, एकही वितळत नाही. दाजी म्हणतायत, "आता छापायचं का मारायचं, मास्तर?" मी म्हणतोय, थांबा, ओळ पुरी होऊ द्या. जाग आली तेव्हा ओठ हलत होते, असं इरा म्हणाली.

९ नोव्हेंबर

दाजींचा फोन. आपणहून, पहिल्यांदाच. इराने घेतला, "आजोबा, सम अंकल शाउटिंग."

अर्धा पोचला.

"खुंट्या हातानं चाचपल्या. वळखला," म्हणाले. मग लाजल्यासारखे, "एक सांगू? ऱ्हाववलं न्हाई. आडवा ठेवला आन् ओतलं थोडं."

"दाजी! दिसत नाही आणि शिसं!"

"दिसायला कशाला पायजे? हातास्नी ठावं हाय. निम्मं सांडलं, निम्मं बसलं. अर्धी गोळी झाली, मास्तर. एका अंगानं गुळगुळीत, एका अंगानं सपाट. उशाला ठेवलीया."

आय.एस.डी.चा तो समुद्रासारखा आवाज.

"कधी येतोस?"

खोटं सांगायचं नव्हतं. म्हटलं, गुरुवारी हॉस्पिटल आहे. त्यानंतर कळेल.

"कळू दे. अर्धा तुझ्यापाशी हाय न्हवं?"

माझ्या हातातच होता. कुंकू अजून खाचेत.

"ते ओतताना," दाजी म्हणाले, "तुझी ओळ म्हणायची ऱ्हायली. मला काय ती सरळ येत न्हाई. म्हण बघू एकदा."

मेधा भांडी घासायची थांबली. मी म्हटलं, अर्धी मी म्हणतो, पुढची तुम्ही म्हणायची. या वेळी खायची नाही.

"म्हण तर."

यमाता, यमाता, म्हटलं, शाळेतल्या चालीत. आणि थांबलो. पलीकडचा आवाज इथे पोचायला अंमळ वेळ लागतो.